नालबंद मोहल्ल्याचा पहारा

नगरपालिकेत माझं काम काय, असं घरी आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, की माझ्याआधी आमची ही उत्तर देते, "मागून आणतात." तिचं चुकत नाही. मोहल्ल्यात चोऱ्या होऊ नयेत, गल्लीत दिवा असावा, नाली वाहती असावी, पहाऱ्याला माणूस असावा, असं सगळ्यांनाच वाटतं. त्याचे पैसे कोणी द्यायचे, हे मात्र कोणाच्याच खात्यात लिहिलेलं नसतं. ते कोणाच्या तरी खात्यात लिहवून घ्यायचं, ही माझी नोकरी. पगार घेऊन भीक मागणारा माणूस, असं म्हटलं तरी चालेल.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी 'नोकरीतले गमतीदार अनुभव' द्या, असा निरोप आला. सवयीप्रमाणे मी आधी मुद्दे काढले. गमती बऱ्याच निघाल्या. पण कुठूनही सुरुवात केली तरी शेवटी कडोरी येऊन उभा राहू लागला. तेव्हा मुद्द्यांचा कागद बाजूला ठेवला. कडोरीबद्दलच लिहितो. गंमत त्यात जेवढी येईल तेवढी येवो.

खासगी बाजाराच्या मागे उतार उतरलं की नालबंद मोहल्ला लागतो. ग्वाल्हेर दरबारच्या रिसाल्याच्या घोड्यांना नाल मारणारे लोक तिथे राहत. पुढे रिसाला राहिला नाही, घोडे गेले, नालबंदांपैकी काहींनी टांगे हाकायला घेतले, काही उठून गेले. रिकाम्या घरांत गवंडी आले, धोबी आले, आणि एका जमातीची काही घरं आली. इंग्रजांच्या जुन्या कायद्यात ही जमात जन्मानेच चोर ठरवलेली होती. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं, तेवढं पुरे झालं.

कडोरी त्याच जमातीचा, आणि मोहल्ल्याचा चौकीदार. यात कोणाला काही विचित्र वाटत नसे. जुन्या लोकांची रीतच होती, की ज्यांची धास्ती त्यांनाच पहारा द्यावा, म्हणजे त्यांचे भाऊबंद तिकडे फिरकत नाहीत. त्याच्या बापाला दरबारने ठेवलं, बापामागून हा. उंच, गलमिशा, हातात तेल पाजलेली लाठी आणि छातीवर दरबारचा पितळी बिल्ला. हा बिल्ला तो राखेने घासून इतका लखलखीत ठेवी, की त्यावरचा नंबर झिजून वाचता येत नसे. "जागते रहो" असं तो कधी ओरडला नाही. म्हणे, "चिल्लाने से चोर को पता चलता है चौकीदार किधर है." तो प्रत्येक दाराशी नुसता खोकत असे. आमचं घर उतारावरच्या शेवटच्या ओळीत. तो खोकला ऐकू आला, की माझी आई कूस बदलून म्हणायची, "आला ग बाई."

त्याचा पगार दरबारच्या खासगीतून यायचा. 'दिवाबत्ती व पहारा' अशा नावाने एक नेमणूक होती. दर दसऱ्याला माझे वडील अर्ज घेऊन जात, आणि त्यात मोहल्ल्याचं वर्णन करत. मोहल्ला इमानी आहे, देवभोळा आहे, शमीपूजनाला हजर असतो. मी लहानपणी तो अर्ज वाचला होता. तेव्हा मला वाटलं, आपला मोहल्ला फार चांगला आहे. पुढे नोकरीत कळलं, की पैसे देणाऱ्याला जसा मोहल्ला आवडतो, तसा तो लिहायचा असतो. या धंद्याची सगळी विद्या एवढीच.

मग विलीनीकरण आलं. ग्वाल्हेर मध्य भारत नावाच्या नव्या राज्यात गेलं. दरबारचं खासगी काय आणि सरकारी काय, याच्या वाटण्या सुरू झाल्या. राजवाडे, कोठ्या, बागा, जडजवाहीर सगळ्याची मोजदाद झाली. नालबंद मोहल्ल्याचे कंदील आणि कडोरीचा पगार मात्र या बाजूलाही निघाला नाही आणि त्या बाजूलाही नाही. मी इकडे गेलो तर म्हणत, हे आता सरकारचं. तिकडे गेलो तर म्हणत, ही तर खासगीतली खैरात. त्यातून नवं सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला. आपला कागद टेबलावर पोचेपर्यंत टेबलच इंदूरला निघून जाई.

एवढे महिने कडोरी बिनपगारी खोकत राहिला. मी म्हटलं, "कडोरी, अभी तो कुछ आया नहीं." तो म्हणे, "आ जाएगा बाबूजी. चोर थोड़े ही पूछ के आता है कि तनखा मिली कि नहीं."

मी सराफ्यातल्या एका शेटजींकडे गेलो. व्यापाऱ्यांची एक चाल असते. प्रत्येक सौद्यावर गिऱ्हाइकाकडून धर्मादा म्हणून थोडं वरचं घेतात, आणि ते पाणपोई, गोशाळा, अशा कामाला लावतात. पहारा हेसुद्धा पुण्यकर्मच आहे, असं मला त्यांना पटवायचं होतं. शेटजींनी पान लावता लावता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पंडितजी, आप दक्षिणी लोग बात बहुत मीठी करते हो. पर पहले चोर तो दिखाओ."

तेव्हा मी त्यांना चोर दाखवले. म्हणजे तोंडी. नालबंद मोहल्ल्यातून सराफ्याच्या मागच्या भिंतीपर्यंत कशी चोरवाट आहे, अंधार कसा असतो, तिथे कशी माणसं राहतात. वडिलांचा इमानी आणि देवभोळा मोहल्ला शेटजींच्या गादीवर बसून मी पाच वाक्यांत बदनाम केला. शेटजींनी पानाचं तबक माझ्याकडे सरकवलं. पगार सुरू झाला.

पगार सुरू झाला तसा कडोरीचा पहाराही हळूहळू सरकला. रोज थोडा जास्त शेटजींच्या मागच्या भिंतीकडे, थोडा कमी मोहल्ल्यात. ज्याचे पैसे, त्याची भिंत. दोन दिवाळ्या असं चाललं. मग शेटजींनी मला बोलावलं आणि हात बंद केला. "पंडितजी, इतने दिनों में चोरी तो एक भी हुई नहीं. फिर पैसा किस बात का?"

मी त्यांना समजावत होतो, की शेटजी, चोरी झाली नाही याचेच तर पैसे. पण न झालेली गोष्ट दाखवणार कशी? नाली बांधली तर दिसते, दिवा लावला तर दिसतो. झालीच नाही ती चोरी कोणाला दिसत नाही. बाहेर कडोरी उभा होता. त्याला सांगितलं, तर तो मिशीत हसला. "तो बाबूजी, एक-आध करवा दें?"

दोघेही हसलो. त्याच्या तोंडची ती थट्टा आता मला आठवू नये असं वाटतं.

त्याच सुमारास तो जुना कायदा रद्द झाला होता. कडोरीच्या जमातीवरचा चोरपणाचा शिक्का पुसला गेला. त्यांच्या घरी लाडू वगैरे काही वाटले नाहीत. कायदा होता तेव्हाही ते तसेच जगत होते. पण शिक्का पुसल्यावर सरकारने पैसा काढला. या जमातींना गुन्ह्यापासून वळवण्यासाठी, त्यांच्या वस्त्या सुधारण्यासाठी. दिवे, नाली, नळ, हातचा धंदा शिकवणं आणि वस्तीला पहारा. मी ते परिपत्रक वाचलं आणि खुर्चीतच सरळ झालो. आमच्या मोहल्ल्याला जे जे हवं होतं, ते सगळं त्यात एकाखाली एक छापलेलं होतं. जणू मीच मुद्दे काढून दिले होते.

अट एवढीच, की मोहल्ला त्या जमातीची वस्ती आहे आणि तिथे गुन्हेगारीचा उपद्रव आहे, असं दाखवायचं.

मी दुपारी कडोरीच्या घरी गेलो. तो अंगणात बाजेवर झोपेतून नुकताच उठला होता. त्याची बायको चुलीशी होती. मी सगळं समजावून सांगितलं. नळ येईल, बिजलीचे दिवे येतील, तुझा पगार सरकारी होईल. फक्त तुमच्या घरांची नावं त्या जमातीखाली लिहावी लागतील, आणि पूर्वी चोऱ्या होत असत, असं म्हणावं लागेल.

आतून त्याची बायको म्हणाली, "जो मिट गया, वो फिर से काहे लिखवा रए हो?"

कडोरी तिला म्हणाला, "अरी, नल आएगा." आणि मला म्हणाला, "लिख दो बाबूजी. लिखने से कोई चोर हो जाता है?"

मी लिहिलं. चांगलं लिहिलं. या कामात माझा हात कोणी धरत नाही. सराफ्याची चोरवाट होतीच, ती आणखी अंधारी केली. ज्या गल्लीत माझी आई दाराला आतून कडी न लावता झोपायची, ती गल्ली माझ्या अर्जात वाचली असती तर ती घाबरून दुसरीकडे राहायला गेली असती.

अनुदानाला लोकवाटा दाखवावा लागतो, म्हणजे काही वाटा लोकांनी रोख द्यावा किंवा अंगमेहनतीने. रोख कुठून आणणार? आखाड्याच्या उस्तादांनी आपले पठ्ठे नाली खणायला दिले. त्या पैलवानांनी ईर्ष्येला पेटून इतकी खोल नाली खणली, की धोब्याचं गाढव तिच्यात पडलं आणि त्याला काढायला पुन्हा त्याच पैलवानांना बोलवावं लागलं. उस्ताद म्हणाले, "यह भी श्रमदान में लिख लेना." मी लिहिलं.

आता खरी गोष्ट. मंजुरीच्या अटींत एक ओळ होती, की ज्या कुटुंबांसाठी योजना आहे, त्यांतला माणूस पहाऱ्यावर नेमता येणार नाही. ही ओळ माझ्या नजरेतून सुटली, असं मी म्हणणार नाही. मी अटी दोनदा वाचतो. त्या ओळीखाली मी तांबड्या पेन्सिलीने रेघ मारली होती आणि समासात लिहिलं होतं, 'सांगून घेऊ.'

हे दोन शब्द म्हणजे आम्हा दरबारी कारकुनांच्या घराण्यांची वतनदारी. पिढ्यान् पिढ्या आम्ही यावर जगलो. नियम काहीही असो, वर आपला कोणी मामा, कोणाचा व्याही, कोणी वडिलांच्या हाताखालचा बसलेला असतो. त्याला सांगून घ्यायचं. नियम कागदावर राहतो आणि काम होतं. नवं सरकार आलं, टेबलं बदलली, माणसं बदलली, तरी ती सवय माझ्या हातातून गेली नव्हती. मी इंदूरला गेलो तेव्हा त्या टेबलामागे माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं. एक तरुण अधिकारी होता, सभ्य होता. त्याने मला बसायला सांगितलं, माझं म्हणणं पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "तुम्हीच लिहिलंय की या घरांपासून वस्तीला उपद्रव आहे. मग त्याच घरातला चौकीदार कसा द्यायचा?"

 त्याने माझाच अर्ज माझ्यापुढे ठेवला होता.

नवा पहारेकरी मुरार छावणीकडचा आला, पलटणीतून सुटलेला. माणूस वाईट नव्हता. कडोरीने त्याला बरोबर घेऊन सगळ्या गल्ल्या, बोळ, पडक्या भिंती दाखवल्या. कुठलं कुत्रं कोणावर भुंकतं, तेही सांगितलं. तो "जागते रहो" असं खणखणीत ओरडायचा. योजनेप्रमाणे संध्याकाळी त्याला त्या घरांतल्या पुरुषांची हजेरी घ्यायची असे. कडोरी आपलं नाव आणि बापाचं नाव सांगून घरात जाई.

त्याच्या वाट्याला धंदा आला तो निवार विणण्याचा. बाजेला लावायची सुती पट्टी. गलमिशांचा तो माणूस मागाला गुडघे टेकून बसलेला मला दिसला, की मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जाई.

काम मात्र झालं, हेही सांगितलं पाहिजे. नळ आला. बायकांची दुसऱ्या मोहल्ल्यात जाऊन पाण्यासाठी बोलणी खायची पाळी संपली. नाली वाहू लागली, दिवे लागले, उतारावरून म्हाताऱ्या माणसांचं घसरून पडणं थांबलं. नगरपालिकेत माझं नाव झालं. इतर मोहल्ल्यांचे लोक येऊन म्हणू लागले, आमच्यासाठीही असंच काही लिहून द्या. मला ते आवडत होतं. ते खोटं कशाला सांगू?

मग राज्यांची पुनर्रचना झाली. मध्य भारतही गेला, राजधानी भोपाळला गेली. पुन्हा सगळ्या खात्यांच्या वाटण्या, आणि जुन्या राज्यांच्या योजना पारखून घ्यायचा हुकूम. ज्या कामाच्या वाटतील त्या चालतील, बाकीच्या बंद. आमच्या मोहल्ल्याच्या पाहणीला भोपाळहून मोठे साहेब येणार, असं पत्र आलं. योजना बंद झाली तर दिव्यांचं बिल आणि नळाची पट्टी कोण भरणार, हे मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक होतं. कारण मीच घरोघर जाऊन सांगितलं होतं.

कार्यक्रम मी आखला. नळाजवळ शामियाना, उस्तादांच्या हातून हार, निवारीचं प्रदर्शन, मग लाभार्थ्यांना एकेक नावाने पुकारून घोंगडी देणं. सकाळी मी सगळं तपासत फिरत होतो. कडोरी धुतलेला कुडता घालून आला. छातीवर दरबारचा बिल्ला होता, राखेने घासलेला.

मी त्याला बाजूला घेतलं. "कडोरी, आज यह उतार दो."

"काहे बाबूजी?"

"साहब समझेंगे नहीं. कागज में तुम…"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग बिल्ला सोडवला, कुडत्याला पडलेली भोकं बोटाने नीट दाबली आणि बिल्ला माझ्या हातात दिला. मी तो कोटाच्या खिशात टाकला. यादीतलं पुढचं काम होतं खुर्च्या मोजण्याचं. मी खुर्च्या मोजायला गेलो.

साहेब आले. मोकळे, हसतमुख गृहस्थ होते. नळ उघडून पाहिला, निवार हाताने ताणून पाहिली. मी नावं पुकारू लागलो. कडोरीचं नाव आलं, तसा तो उठून उभा राहिला. त्याची उंची पाहून साहेबांना कौतुक वाटलं असावं. घोंगडी देता देता त्यांनी आपुलकीने विचारलं, "क्यों भाई, चोरी छोड़े कितने दिन हुए?"

शामियान्यात सगळा मोहल्ला होता. कडोरीच्या खोकल्यावर झोपी गेलेली माणसं होती ती. नळाची एक तोटी ठिबकत होती. उस्तादांनी मान खाली घातली. मी साहेबांच्या शेजारी उभा होतो, कागद हातात, बिल्ला खिशात. एक वाक्य बोलायचं होतं, की साहेब, हा चौकीदार आहे. ते बोललो असतो तर माझा अर्ज खोटा ठरला असता, आणि अर्ज खोटा ठरला असता तर योजना गेली असती. हे सगळं मला त्या वेळी दिसलं. कडोरीलाही दिसलं असणार. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि साहेबांना हात जोडून म्हणाला,

"हुजूर, जब से बत्ती लगी है, तब से छोड़ दी."

साहेब खूश झाले. बरोबरच्या माणसाला म्हणाले, "यह लिख लो." बायकांच्या घोळक्यातून कडोरीची बायको उठली आणि पदर ओढून घराकडे चालू लागली.

मी पुढचं नाव पुकारलं.

घरी आलो तेव्हा हिला सगळं कळलेलं होतं. नळावरच्या बायकांनी सांगितलं होतं. तिने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. "तो असं बोलून गेला, आणि तुम्ही चूप राहून गेलात?"

"योजना चालू राहील," मी म्हणालो.

"हो, ते तर दिसूनच राहिलंय," ती म्हणाली.

संध्याकाळी बिल्ला परत द्यायला गेलो. कडोरीने तो घेतला नाही. हसून म्हणाला, "अब आप ही जमा कर दो बाबूजी. चोर के घर में सरकारी माल निकला तो फिर लिखना पड़ेगा."

माझ्याकडे आलेली वस्तू मी जागच्या जागी पोचवतो. बिल्ला घेऊन मी फिरलो. तो देणारं दरबारी खातं राहिलेलं नाही. ज्या सरकारने त्याचा कारभार घेतला, तेही राहिलेलं नाही. भोपाळच्या कोठाराच्या नोंदीत अशी वस्तू नाही. एका कारकुनाने तर सांगितलं, "साहेब, पितळ आहे, मोडीत द्या." बिल्ला परत माझ्या खिशात आला.

या वर्षी भोपाळहून छापील अहवाल आला. आमची योजना पुढे चालू. चांगल्या कामाचे नमुने म्हणून काही वस्त्यांची वर्णनं दिली होती. त्यांत नालबंद मोहल्ला होता, आणि कडोरीचं ते वाक्य होतं, जसंच्या तसं. मी अहवाल आणि बिल्ला, दोन्ही घेऊन त्याच्याकडे गेलो. तो मागावर बसला होता.

"भोपाल से किताब आई है," मी म्हणालो. "उसमें तुम्हारी बात छपी है."

"पढ़ो."

मी वाचलं. बायको दारात येऊन उभी राहिली होती, तिच्या देखत सगळं वाक्य वाचलं. त्याने हात न थांबवता ऐकलं.

"नाम भी लिखा है?"

"लिखा है."

"बाप का?"

"वो भी."

धोटा एकदा इकडून तिकडे गेला. "बापू ने उमर भर पहरा दिया, हमने दिया," तो म्हणाला, "कहीं नाम नहीं छपा. चलो, चोरी में छप गया."

त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी बिल्ला त्याच्यापुढे धरला. त्याने तो पाहिला, पण घ्यायला हात पुढे केला नाही. त्याच्या दोन्ही हातांत निवार होती.